पैसे जमा, पण ऑर्डर कुठे गेली? मेसेज क्यू जोडताना मालकाने तपासायच्या गोष्टी



ऑनलाइन विक्री सुरू केली की एक फोन कधी ना कधी येतोच. "साहेब, पैसे कापले गेले, पण ऑर्डरचा पत्ता नाही." तुम्ही खातं बघता, पैसे जमा झालेले असतात. पॅकिंगच्या यादीत मात्र ती ऑर्डर नसते. वेबसाइट करणारा म्हणतो, "माझ्याकडून मेसेज गेला होता." पॅकिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारा म्हणतो, "माझ्याकडे आलाच नाही." बरं, दोघंही खरंच बोलत असतात. ऑर्डर हरवलेली असते मधल्या वाटेवर.

या मधल्या वाटेलाच मेसेज क्यू म्हणतात. तुमचं सॉफ्टवेअर या क्यूला कसं जोडायचं, हे काही मोजक्या सेटिंग्जवर ठरतं. कोड तुम्हाला लिहायचा नाही, तो डेव्हलपर लिहील. पण कुठला मेसेज हरवला तर चालेल आणि कुठला दोनदा आला तर चालेल, हे डेव्हलपर ठरवू शकत नाही. ते धंद्याच्या मालकालाच ठरवावं लागतं. म्हणून आजचा लेख तुमच्यासाठी. चला, सुरू करूया.

क्यू लागतो कशाला?

समजा, तुम्ही दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकता. ग्राहकाने पैसे भरले की तीन कामं व्हायला हवीत. पॅकिंगच्या यादीत नाव चढणं, ग्राहकाला एसएमएस जाणं आणि साठ्यातून तेवढी चकली-शंकरपाळी वजा होणं. ही तिन्ही कामं वेबसाइटने तिथल्या तिथे करायची म्हटलं, तर तोवर ग्राहक स्क्रीनवरचं गोल फिरणारं चक्र बघत बसतो. त्यात एसएमएस पाठवणारी सेवा बंद पडली, तर ऑर्डरच अडकते.

क्यू असला की वेबसाइट "ऑर्डर क्रमांक १०४२ आली" एवढी चिठ्ठी रांगेत टाकते आणि पुढच्या ग्राहकाकडे वळते. खानावळीत वेटर चिठ्ठी स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकवतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो, तसंच. चिठ्ठी उचलून काम करणाऱ्या प्रोग्रॅमला आपण इथे वर्कर म्हणू.

अशी रांग सांभाळणारं एक प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअर म्हणजे रॅबिट एमक्यू. ते २००७ मध्ये आलं. ते ज्या नियमावलीवर चालतं तिचं नाव एएमक्यूपी. या नियमावलीचं काम २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेत सुरू झालं. वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलू शकावीत, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे पाया चांगला भक्कम आहे. पण पाया भक्कम असला तरी दाराला कडी तुम्हालाच लावावी लागते.

रॅबिट एमक्यूशी तुमचा प्रोग्रॅम थेट बोलत नाही. मध्ये एक क्लायंट लायब्ररी असते. डॉटनेट वापरणाऱ्यांसाठी ईझीनेटक्यू नावाची मोफत लायब्ररी आहे. आज उदाहरणं तिचीच घेतो, कारण तिच्यात सेटिंग्ज अगदी उघड्यावर दिसतात. तुमचा डेव्हलपर पायथॉन किंवा जावा वापरत असेल, तर नावं थोडी बदलतील. प्रश्न तेच राहतील.

पहिलं काम: जोडणी

ईझीनेटक्यूमध्ये जोडणीची सगळी माहिती एका ओळीत लिहितात. तिला कनेक्शन स्ट्रिंग म्हणतात. सर्व्हरचा पत्ता, व्हर्च्युअल होस्ट, युजरनेम, पासवर्ड अशा जोड्या अर्धविरामाने वेगळ्या करून एकामागोमाग लिहायच्या. ओळ छोटीशीच, पण तिच्यात चार गोष्टी बघायच्या.

युजर कोणता आहे? रॅबिट एमक्यू बसवल्यावर "गेस्ट" नावाचा युजर तयारच मिळतो आणि त्याचा पासवर्डही गेस्टच असतो. मूळ सेटिंगमध्ये हा युजर फक्त त्याच मशीनवरून आत येऊ शकतो. ही तुमच्या सुरक्षेसाठी केलेली सोय आहे. काही जण कामाच्या घाईत ती बंधनं काढून टाकतात. तसं होऊ देऊ नका. वेबसाइटला एक युजर, पॅकिंगला दुसरा, एसएमएसला तिसरा, असे वेगळे युजर करायला सांगा. उद्या एखादा डेव्हलपर काम सोडून गेला, तर तेवढाच पासवर्ड बदलता येतो, सगळं दुकान थांबवावं लागत नाही. आणि हो, पासवर्ड कोडमध्ये लिहायचा नाही, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वेगळा ठेवायचा.

चाचणी आणि खरं काम वेगळं आहे का? व्हर्च्युअल होस्ट म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या वेगवेगळ्या खोल्या. चाचणीची एक खोली, खऱ्या ऑर्डरची दुसरी. ही भिंत नसेल, तर डेव्हलपरने टाकलेली "टेस्ट टेस्ट" ऑर्डर एखाद्या दिवशी खऱ्या पॅकिंग यादीत येऊन बसेल.

रस्ता बंदिस्त आहे का? रॅबिट एमक्यूचं नेहमीचं पोर्ट ५६७२. त्यावरून माहिती उघडी जाते. वेबसाइट एका ठिकाणी आणि क्यू दुसऱ्या ठिकाणी असेल, मध्ये इंटरनेट असेल, तर टीएलएसचं ५६७१ पोर्ट वापरायला सांगा. त्या मेसेजमध्ये तुमच्या ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर असतो, हे विसरू नका.

जोडणी किती वेळा उघडते? ही चूक सुरुवातीला दिसतच नाही. प्रत्येक ऑर्डरला नवी जोडणी उघडायची आणि काम झालं की बंद करायची, असा कोड दिवसाला दहा ऑर्डर असताना मस्त चालतो. पण प्रत्येक जोडणी उघडताना दोन्हीकडून बरीच देवाणघेवाण होते. दिवाळीच्या आठवड्यात ऑर्डरचा लोंढा आला की सर्व्हर जोडण्या उघडण्यातच दमतो. योग्य पद्धत अशी, की प्रोग्रॅम सुरू झाला की एक जोडणी उघडायची आणि प्रोग्रॅम चालू आहे तोवर तीच वापरायची. ईझीनेटक्यूमध्ये या जोडणीला "बस" म्हणतात. "आपल्या प्रोग्रॅममध्ये बस एकदाच तयार होते ना?" एवढं विचारलंत तरी पुरे.

लाइन तुटली, हे कळणार कसं?

नेटवर्क तुटताना सांगून तुटत नाही. कधी कधी राउटर मध्येच जोडणी टाकून देतो आणि दोन्ही बाजूंना वाटतं, सगळं ठीक आहे. वर्कर चालू दिसतो, काम मात्र काहीच येत नाही. यावर उपाय म्हणजे हार्टबीट. दोन्ही बाजू ठरावीक वेळाने "मी आहे" असा इशारा देतात. साधारण दोन इशारे चुकले की जोडणी मेली असं धरतात. रॅबिट एमक्यू सर्व्हर स्वतः ६० सेकंद सुचवतो. ईझीनेटक्यूचा मूळ आकडा १० सेकंद आहे. ५ ते २० सेकंद हा बहुतेक ठिकाणी चांगला चालणारा टप्पा. त्याहून खूप कमी ठेवलं, तर नेट जरा हळू झालं तरी जोडणी मेली असं समजून ती उगाच तोडली जाते.

आता प्रश्न येतो, तुटल्यावर पुन्हा जोडायचं कोणी? ईझीनेटक्यू स्वतः पुन्हा जोडते आणि आधीची सबस्क्रिप्शनही पुन्हा लावते. पायथॉनमधली पिका ही लायब्ररी हे आपोआप करत नाही, तो भाग डेव्हलपरला लिहावा लागतो. म्हणून "लाइन गेली आणि परत आली, तर काय होतं?" हा प्रश्न विचाराच.

पाठवला म्हणजे पोचला असं नाही

टपालातली पोचपावती आठवा. पत्र पेटीत टाकलं आणि पत्र पोचलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यूमध्येही तसंच आहे.

रॅबिट एमक्यूमध्ये "मेसेज मिळाला, नोंदवला" अशी पावती मागता येते. तिला पब्लिशर कन्फर्म म्हणतात. लक्षात घ्या, ईझीनेटक्यूमध्ये ही पावती मुळात बंद असते. बंद का? पावतीची वाट न बघता मेसेज पाठवले तर वेग जास्त मिळतो. एखाद्या भिंतीवरच्या तापमापकाचे आकडे पाठवायचे असतील, तर एखादा हरवला म्हणून बिघडत नाही. पण ग्राहकाने पैसे भरलेली ऑर्डर? तिथे पावती हवीच. ती चालू केली आणि मूळ मुदतीत, म्हणजे १० सेकंदांत, पावती आली नाही, तर लायब्ररी एरर देते. डेव्हलपरने ती एरर गिळून टाकायची नाही, तर मेसेज पुन्हा पाठवायचा.

दुसरी गोष्ट, सर्व्हर रीस्टार्ट झाला तर रांगेतल्या चिठ्ठ्या राहतात का? त्यासाठी रांगही टिकाऊ असावी लागते आणि मेसेजही डिस्कवर लिहिलेला असावा लागतो. दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. ईझीनेटक्यूमध्ये दोन्ही गोष्टी मुळात चालू असतात. फक्त वेग वाढवायच्या नादात कोणी बंद केल्या नाहीत ना, एवढं बघा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पैसे आले की ऑर्डर आधी तुमच्या डेटाबेसमध्ये लिहायची, मग क्यूमध्ये टाकायची. क्यू म्हणजे ने-आण करणारा माणूस. चोपडी तुमच्याकडेच राहिली पाहिजे.

सबस्क्रिप्शन आयडी: एका शब्दाने दुकान विस्कटतं

आता या लेखातला मुख्य मुद्दा. ईझीनेटक्यूमध्ये वर्कर रांगेला जोडताना त्याला एक नाव द्यावं लागतं, सबस्क्रिप्शन आयडी. नियम अगदी साधा आहे. एकच आयडी असलेले वर्कर काम वाटून घेतात. वेगवेगळे आयडी असतील, तर प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते.

यात दोन प्रकारे घोळ होतो.

पहिला घोळ: पॅकिंगचा वर्कर आणि एसएमएसचा वर्कर, दोघांनाही डेव्हलपरने "दुकान" असा एकच आयडी दिला. रॅबिट एमक्यूला वाटतं, हे दोघं एकाच कामावरचे भागीदार आहेत. मग एक ऑर्डर याला, पुढची त्याला. शंभर ऑर्डर आल्या, तर साधारण पन्नास पॅकिंगला जातात आणि उरलेल्या पन्नास ग्राहकांना नुसता "धन्यवाद" चा एसएमएस जातो. गंमत बघा, कुठेही एरर दिसत नाही. सगळी सॉफ्टवेअर आनंदात चालू असतात. सुरुवातीला सांगितलेला "पैसे कापले, ऑर्डर नाही" हा फोन अशाच कारणाने येऊ शकतो.

दुसरा घोळ याच्या उलट: दिवाळीत काम वाढलं म्हणून पॅकिंगच्या वर्करची दुसरी प्रत सुरू केली आणि तिला वेगळा आयडी दिला. आता प्रत्येक ऑर्डर दोघांकडेही जाते. यादीत प्रत्येक नाव दोनदा. एका ग्राहकाच्या घरी दोन डबे. पैसे मात्र एकाचेच.

म्हणून नियम लिहून ठेवा. वेगळं काम, वेगळा आयडी. त्याच कामाला दुसरा हात, तोच आयडी. "पॅकिंग", "एसएमएस", "साठा" अशी कामाची सरळ नावं द्या. मशीनचं नाव किंवा आपोआप बनणारा आकडा आयडीमध्ये घालू नका, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला नवी रांग तयार होईल आणि जुनीत मेसेज साचत राहतील.

अजून एक खाचखळगा. एखाद्या मेसेजसाठी कोणीच अजून सबस्क्राइब केलेलं नसेल, तर तो मेसेज थांबत नाही, नाहीसा होतो. रांग तयार होते ती सबस्क्रायबर पहिल्यांदा आल्यावर. म्हणून नवीन व्यवस्था लावताना आधी वर्कर सुरू करायचे, मग वेबसाइट. रांग एकदा तयार झाली की वर्कर बंद असला तरी मेसेज थांबून राहतात.

एका हाताने किती उचलायचं?

वर्कर रांगेतून एका वेळी किती मेसेज उचलून ठेवेल, या आकड्याला प्रीफेच म्हणतात. ईझीनेटक्यूत तो मुळात ५० असतो.

समजा, तुमचा वर्कर प्रत्येक ऑर्डरचं पीडीएफ बिल बनवतो आणि त्याला ६ सेकंद लागतात. त्याने एकदम ५० उचलले, तर शेवटच्या ग्राहकाचा नंबर यायला ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. तुम्ही मदतीला दुसरा वर्कर सुरू केलात, तरी तो रिकामा बसतो, कारण पन्नासच्या पन्नास चिठ्ठ्या पहिल्याच्या खिशात आहेत! काम हळू होणारं असेल, तर प्रीफेच १ ते ५ च्या आसपास ठेवा. काम चटकन होणारं असेल, तर ५० ठीक आहे.

काम झाल्याची पावती आणि अडलेल्या ऑर्डर

वर्करने काम पूर्ण केलं की तो रॅबिट एमक्यूला "झालं" असं कळवतो. मगच मेसेज रांगेतून कायमचा निघतो. काम अर्धवट असताना वर्कर बंद पडला, तर मेसेज पुन्हा रांगेत येतो. ही चांगलीच सोय आहे. काही लायब्रऱ्यांमध्ये "हातात पडला की झालं समजा" असंही सेटिंग असतं. ऑर्डरसाठी ते वापरू देऊ नका. आणि काम फार लांबलं, मुळातली ३० मिनिटांची मुदत उलटली, तर रॅबिट एमक्यू स्वतःच तो मेसेज परत घेतो.

या सोयीची दुसरी बाजूही समजून घ्या. वर्करने पॅकिंग यादीत नाव चढवलं आणि "झालं" म्हणायच्या आत वीज गेली, तर तोच मेसेज पुन्हा येणार. म्हणून प्रत्येक वर्करने काम करण्याआधी बघायचं, हा ऑर्डर क्रमांक आधीच यादीत आहे का? असेल तर गपचूप सोडून द्यायचा. हे एवढं केलंत की दोनदा आलेल्या मेसेजची भीती संपली.

आणि वर्करला काम जमलंच नाही तर? पत्त्यात काही विचित्र अक्षर आलं, प्रोग्रॅम अडला. ईझीनेटक्यू असा मेसेज एका वेगळ्या एरर रांगेत टाकते, सोबत अडण्याचं कारणही. ऑर्डर हरवत नाही, पण पुढेही सरकत नाही. ती रांग कोणी बघितलीच नाही, तर ग्राहकाच्या दृष्टीने ऑर्डर हरवलेलीच! रॅबिट एमक्यूचं एक वेब पॅनेल असतं, तिथे प्रत्येक रांगेत किती मेसेज आहेत ते दिसतं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर एरर रांगेचा आकडा बघायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका.

घरच्या घरी चार चाचण्या

डेव्हलपरला समोर बसवा आणि चाचणीच्या खोलीत हे करून दाखवायला सांगा.

१. पॅकिंगचा वर्कर बंद करा. पाच ऑर्डर टाका. वर्कर सुरू करा. पाचही यायला हव्यात.

२. काम चालू असताना वर्कर मध्येच बंद पाडा. ती ऑर्डर परत यायला हवी आणि यादीत एकदाच दिसायला हवी.

३. रांगेत मेसेज असताना रॅबिट एमक्यू रीस्टार्ट करा. मेसेज तिथेच असायला हवेत आणि कोणी हात न लावता वर्कर पुन्हा जोडले जायला हवेत.

४. एसएमएसचे दोन वर्कर सुरू करा आणि दहा ऑर्डर टाका. यादीत दहा नावं, ग्राहकांना दहा एसएमएस. नऊ नाही, वीस नाही.

या चारही पास झाल्या, तरच दिवाळीची जाहिरात सुरू करा.

तुम्हाला याची गरज आहे का?

खरं सांगू? दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डर असतील, तर बहुधा नाही. डेटाबेसमध्ये "काम बाकी" असा एक रकाना आणि दर मिनिटाला तो बघणारा छोटा प्रोग्रॅम, एवढ्यात भागतं. क्यू म्हणजे आणखी एक सर्व्हर, आणखी एक पासवर्ड, रात्री बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू. एकाच ऑर्डरवर तीन-चार वेगळी सॉफ्टवेअर काम करायला लागली, किंवा सणाला ऑर्डर एकदम तुंबायला लागल्या, की मग क्यूचा विचार करा. तोही स्वतः बसवायचा नसेल, तर महिन्याच्या भाड्याने चालवून देणाऱ्या सेवा आहेत. पण सेवा भाड्याची असली, तरी सबस्क्रिप्शन आयडी आणि पावत्या तुमच्या डेव्हलपरलाच बघाव्या लागतात.

आणि क्यू असो वा नसो, एक सवय आजपासून लावा. आपले जुने व्यापारी दुकान बंद करण्याआधी रोजमेळ लिहायचे. गल्ल्यातली रक्कम आणि वहीतला आकडा जुळल्याशिवाय कुलूप लागत नसे. तुम्हीही रोज रात्री दोन आकडे समोरासमोर ठेवा. पेमेंट गेटवेवर आज किती जणांनी पैसे भरले आणि पॅकिंगच्या यादीत आज किती नावं चढली. जुळले तर निवांत झोपा. एकाचा जरी फरक आला, तर ती ऑर्डर त्याच रात्री शोधा आणि सकाळी ग्राहकाचा फोन यायच्या आधी तुमचा फोन त्याला जाऊ दे.

या आठवड्यात एक काम करा. एका कागदावर तुमच्या धंद्यातले सगळे मेसेज लिहा: ऑर्डर, पैसे परत, एसएमएस, साठा, जाहिरात. प्रत्येकासमोर दोन रकाने आखा. "हरवला तर चालेल का?" आणि "दोनदा आला तर चालेल का?" हो-नाही भरा आणि तो कागद डेव्हलपरच्या हातात द्या. सेटिंग्ज तो लावेल, पण ती कशासाठी लावायची, हे त्याला तुमच्या कागदावरून कळेल.

भेटूया पुढच्या विषयासह. तोवर धंदा जपा, ग्राहक जपा!